बारा मिनिटांचा सूर्यास्त

तारांगणात गेली चोवीस वर्षं मी सूर्य मावळवतो आहे. हुद्दा निवेदकाचा, दिवसाला चार खेळ. घुमटाखालच्या खुर्च्यांत लोक मागे रेलून बसले की नाना यंत्राची कळ दाबतात, घुमटाच्या कडेला रंगवलेल्या गावाच्या काळ्या आकृतीमागे सूर्य उतरू लागतो, आणि मी माइकमध्ये म्हणतो, "पाहता पाहता सूर्य मावळला. आता डोळ्यांना थोडा वेळ द्या." ही दोन्ही वाक्यं माझी स्वतःची आहेत आणि त्यांच्यामध्ये मी थांबून जी जागा घेतो, तिथे कुजबुजणारे लोक आपोआप गप्प होतात. तरीही खेळ संपल्यावर दहातल्या आठांना वाटतं की ती टेप आहे. एक गृहस्थ तर मला बाहेर गाठून म्हणाले होते की टेप चांगली आहे, पण आता जुनी झालीय, बदला. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी आवाज ओळखला असता आणि त्यांनाच ओशाळं वाटलं असतं.

माझी अडचण अशी की माझा आवाज लागतो तो अंधारात, हातात माइक असताना. उजेडात, समोर माणूस असला, की माझी दातखीळ बसते. शर्ट दोन बोटं आखूड झालाय, हे मी आमच्या शिंप्याला आजवर सांगू शकलेलो नाही. मी आखूड शर्ट घालतो.

आता या माणसाच्या पोटी जी मुलगी आली, तिने बर्फाचा अभ्यास करायचं ठरवलं. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला जो बर्फ साचलाय, त्यात मैल-मैल खोल भोक पाडून उभी कांडी काढायची आणि तिच्यातले हवेचे बुडबुडे मोजायचे, असं ते काम. तिथल्या तळावर चौदा महिने राहायला तिची निवड झाली. ती म्हणाली, "बाबा, आईला आजच सांगते." मी म्हणालो, "थांब, बाळा. चांगला मुहूर्त बघून मी सांगतो." मग मी तीन महिने चांगली वेळ शोधत राहिलो. ती काही सापडेना. शेवटी घरी एक खोकं आलं, त्यातून गुडघ्यापर्यंतचे प्रचंड बूट निघाले, आणि बायकोने विचारलं, "हे कुणाचे?"

बायकोची समजूत अशी झाली की लेकीने तिच्यापासून लपवलं, बापाला तेवढं विश्वासात घेतलं. खरं काय ते मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तो दिवसही मला चांगला वाटला नाही. लेक निघून गेली, आणि जाताना मला वाचवायला म्हणून तीही काही बोलली नाही. तेव्हापासून बायको तिच्याशी बोलत नाही आणि माझ्याशी गॅस, दूध आणि किल्ली या तीनच विषयांवर बोलते. दर रविवारी सकाळी तळावरून फोन येतो. घंटी वाजली की बायको बादली उचलून कपडे वाळत घालायला बाहेर जाते. एका रविवारी धुवायला काही नव्हतं, तर तिने कपाटातले घडी घातलेले पडदे भिजवले. मी फोनवर सांगतो, "आई कामात आहे." लेक म्हणते, "बरं." ते "बरं" यायला तिकडून दोन सेकंद लागतात, आणि ते दोन सेकंद फार वाईट जातात.

फेब्रुवारीत तळावरून शेवटचं विमान परतलं. आता नोव्हेंबरपर्यंत तिथून कुणाला येता येणार नव्हतं, की जाता येणार नव्हतं. त्या दिवशी बायकोने दोनदा भाजीत मीठ घातलं. तेव्हा मी ठरवलं की हिला एकदा घुमटाखाली नेऊन लेकीच्या डोक्यावरचं आकाश दाखवायचं. तेच तारे, तोच चंद्र, जरा वेगळ्या बाजूने. ते बघून ती विरघळेल, आणि त्या अंधारात मी खरं काय ते सांगून टाकीन. सोमवारी सुट्टी असते. आम्ही दोघं, यंत्रावर नाना, दहा मिनिटांचं काम. माझा बेत एवढाच होता, हे नंतर ज्यांनी मला नावं ठेवली त्यांनी ध्यानात घ्यावं.

परवानगीसाठी संचालकांकडे गेलो. आमचे संचालक भले गृहस्थ आहेत, पण कागदाशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. ते म्हणाले, "खासगी कामासाठी यंत्र चालवता येणार नाही. नियमात नाही." मी उठलो. तेवढ्यात त्यांनी फायलीतून एक परिपत्रक काढलं. ध्रुवीय बर्फाविषयी लोकांत जागृती करावी, असा वरून आदेश होता आणि त्याला उत्तर द्यायची मुदत चार महिन्यांपूर्वी टळली होती. "तुमची मुलगी तिथेच आहे ना?" ते म्हणाले. "मग एक आठवडा करा." अशा रीतीने माझ्या दहा मिनिटांचा 'ध्रुवीय बर्फ जनजागृती सप्ताह' झाला, आणि त्याच्या पत्रकावर 'संयोजक' म्हणून माझी सही घेण्यात आली.

बातमी आमच्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोर राहणारे निवृत्त ओव्हरसियर त्याच संध्याकाळी येऊन बसले. जगातलं कुठलंही काम आपल्या देखरेखीशिवाय बिघडणार, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा आहे. "बर्फाचा सप्ताह आणि बर्फ नाही?" ते म्हणाले. "लोकांना हात लावायला काहीतरी पाहिजे. कारखान्यातून लादी आणा." मी म्हणालो, ध्रुवावरचा बर्फ लाखो वर्षांचा असतो, कारखान्यातला कालचा. "बर्फ तो बर्फ," ते म्हणाले. "आणि वर लाकडाचा भुसा टाका. मी पूल बांधताना पाहिलंय, भुशात बर्फ आठ दिवस टिकतो."

पूल बांधताना बर्फाचा काय संबंध आला, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण समोर माणूस होता.

लादी आली. दारातल्या दालनात टेबलावर ठेवली. भुसा टाकला. भुशामुळे बर्फ दिसेना, म्हणून लोकांनी भुसा बाजूला सारला. सारलेला भुसा पंख्याने उडून सगळीकडे झाला. एका शाळकरी मुलीने विचारलं, "हा बर्फ किती जुना आहे?" मी खोटं बोलत नाही. "कालचा," मी म्हणालो. तिने वहीत तसं लिहून घेतलं. चार वाजता लादीचं पाणी भुशासकट संचालकांच्या खोलीत शिरलं आणि परिपत्रकांची खालच्या कप्प्यातली चळत त्यात भिजली. ओव्हरसियर येऊन पाहून गेले. म्हणाले, "भुसा ओला होता. माझी चूक नाही."

पण हे सगळं चिल्लर. खरा घोटाळा यंत्राचा.

आमच्या यंत्राला तीन चाली आहेत. एका चालीने दिवस सरतो, दुसरीने वर्ष सरतं, आणि तिसरीने माणूस पृथ्वीवर कुठे उभा आहे ते बदलता येतं. ही तिसरी चाल कुणी वापरत नाही, कारण आमच्या गावाने आपली जागा कधी बदललेली नाही. तिच्या दांड्यावर यंत्र बसवणाऱ्यांनी एक लाल रेघ मारून शिशाचं सील ठोकलेलं आहे. नाना तीस वर्षं ते यंत्र सांभाळतात, रोज सकाळी त्याला मऊ फडक्याने पुसतात आणि पुसताना त्याच्याशी बोलतात. सप्ताहाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही चाचणी घ्यायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, लाल रेघ कुणी हौस म्हणून मारत नाही."

"नाना, दोनच मिनिटं," मी म्हणालो. "पोरगी तिथे आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, सील तोडलं आणि दांडा फिरवला. यंत्र कण्हत कण्हत वाकलं. गावाचं आकाश कलंडलं, सप्तर्षी जमिनीखाली गेले, खालून नवेच तारे वर आले. मग खट्ट असा आवाज झाला आणि यंत्र बरोबर ध्रुवावर जाऊन थांबलं. नानांनी दांडा उलटा फिरवला. यंत्र ढिम्म हललं नाही. मी फिरवला. आम्ही दोघांनी मिळून फिरवला. अर्ध्या तासाने नाना खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोचलो आपण."

यंत्र बिघडल्याची नोंद करायच्या वहीत तीन रकाने आहेत: दिवा गेला, आवाज येत नाही, इतर. 'इतर'वर खूण केली की समिती बसते. समितीपुढे सील का तोडलं याचा खुलासा लागतो. मी लिहिलं, 'ध्रुवावर जाण्यासाठी.' संचालकांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. कारागीर यायला आठ दिवस लागणार होते. "खेळ बंद ठेवता येणार नाहीत," ते म्हणाले. "हे सगळं सप्ताहातच बसवा."

मी लेकीला कळवलं की तुझं आकाश लागलं आहे, पण निघत नाहीये. तिचं उत्तर आलं, "बाबा, मी ध्रुवावर राहत नाही. ध्रुव इथून हजारभर किलोमीटर पुढे आहे. माझ्यापेक्षा तुम्हीच लांब गेलात." खाली नेहमीचं वाक्य होतं: "आईचा गुडघा कसा आहे?"

मंगळवारचा पहिला खेळ मी विसरणार नाही. दिवे मंद झाले. मी माइक घेतला. "पाहता पाहता सूर्य मावळला," मी म्हणालो आणि जागा घेतली. सूर्य मावळला नाही. तो गावाच्या आकृतीवरून सरकत सरकत पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, तिथून घड्याळाच्या मनोऱ्यावर गेला, घुमटाला पूर्ण प्रदक्षिणा घालून परत होता तिथे आला. ध्रुवावर वर्षातून एकदाच सूर्य मावळतो आणि त्याला अजून महिना होता, हे मला पाठ होतं. पण तोंडाला चोवीस वर्षांची सवय. मी पुन्हा म्हणालो, "मावळला." शाळेची मुलं हसू लागली. सूर्य दुसऱ्या फेरीला निघाला. कुणीतरी मागून म्हणालं, "टेप अडकलीय." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा अपमान होता, आणि तो मला उजेडात सोसावा लागला.

दुपारी नानांनी उपाय काढला. वर्षाची चाल चालू ठेवायची, म्हणजे फेब्रुवारीचा एप्रिल होईल, सूर्य गोल फिरत फिरत खाली जाईल आणि अंधार पडेल. फक्त ती चाल हळू ठेवायची, कारण घाई केली तर तीही अडकेल आणि मग वर्षच सरायचं थांबेल. नानांनी घड्याळ लावून पाहिलं. मावळायला बारा मिनिटं लागत होती.

बारा मिनिटं बोलायचं काय? मी बर्फाबद्दल सांगितलं. दर वर्षीचा हिमाचा थर खालच्या थराला दाबतो, दाबता दाबता त्याचा बर्फ होतो, आणि त्या त्या काळची हवा त्यात बुडबुड्यांत कोंडली जाते. पाण्यात तो बर्फ टाकला तर तडतड आवाज होतो, कारण माणूस नव्हता तेव्हाची हवा बाहेर पडत असते. हे सगळं चार मिनिटांत संपलं. सूर्य अजून टाकीच्या वर होता. आठ मिनिटं गप्प बसणारा निवेदक लोकांनी कसा सहन करावा? माझ्या खिशात लेकीच्या पत्रांचे छापील कागद असतात. मी बॅटरी लावून ते वाचू लागलो.

तिने लिहिलं होतं की तिथे कशालाच वास नाही, त्यामुळे साबणाची नवी वडी उघडली की सगळे जमतात. विमान गेलं तेव्हा अठरा माणसं हात हलवत उभी राहिली आणि ते दिसेनासं झाल्यावरही कुणाला हात खाली घ्यायचं सुचेना. पावलाखालचा बर्फ कोरडा आहे, तो करकरतो, आणि ती चालताना थांबली की तो आवाजही थांबतो, मग काहीच उरत नाही. लोक ऐकत होते. खुर्चीची करकर नाही, खोकला नाही. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं. आईचा गुडघा कसा आहे. आईला सांगा मी टोपी घालते. आई बोलेल का या रविवारी. ती वाक्यं मी गाळायला हवी होती, हे मला कळतं. पण बारा मिनिटं भरत नव्हती.

बुधवारी लोक दुप्पट आले. तक्रारवहीत 'सप्तर्षी दिसत नाहीत', 'मृग उलटा व अर्धाच आहे', 'पाटीवर आजचे आकाश असे लिहून हे कुठले दाखवता' अशा नोंदी झाल्या, पण त्याच लोकांनी गुरुवारी पुन्हा तिकिटं काढली. खेळ संपल्यावर प्रश्नोत्तरं असतात. पूर्वी लोक मंगळावर माणूस आहे का, ते विचारायचे. आता एक आजोबा उठून म्हणाले, "आईने फोन घेतला का?" मी म्हणालो, "अजून रविवार आला नाही." अख्ख्या घुमटाने सुस्कारा सोडला.

शुक्रवारी बायको गुडघ्याचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने मलम कागदात बांधलं आणि म्हणाला, "ताई, पोरगी एवढी लांब आहे. या रविवारी घेऊन टाका फोन."

बायको घरी आली. तिने मलम टेबलावर ठेवलं आणि चौथा विषय काढला. "आपल्या घरातलं तुम्ही माइकवर सांगता?"

मी तोंड उघडलं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, खिडकीतून लख्ख उजेड येत होता. मी तोंड मिटलं.

"घरात बोलायचं नाही आणि गावभर सांगायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी शेवटच्या खेळाला दार बंद होता होता एक बाई आत आली. ती दाराजवळच्या तिसऱ्या रांगेत बसली, पर्स मांडीवर, खुर्ची मागे न रेलता. नानांनी मला कोपराने ढोसलं. मी आधीच पाहिलं होतं. अकरा वर्षांनी ती घुमटाखाली आली होती, आणि भांडायला आली होती, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं.

नानांनी चाल सुरू केली. सूर्य निघाला. मी बर्फाची चार मिनिटं बोललो. मग कागद काढले. पहिल्याच पत्रात टोपी होती. मला ते वाचता येईना. सूर्य टाकीवरून जात होता, घुमट अजून संध्याकाळसारखा उजळलेला, दीडशे माणसं वर बघत होती, फक्त एक माझ्याकडे.

"आज पत्र वाचत नाही," मी म्हणालो. "आज माझं एक काम राहिलंय, ते करतो. मुलीने आईपासून काही लपवलं नव्हतं. निवड झाली त्याच दिवशी ती आईला सांगणार होती. मी म्हणालो, थांब, मी सांगतो. आणि मी तीन महिने सांगितलं नाही. मला भीती वाटली. आई नाही म्हणाली तर पोरगी जाणार नाही, आणि हो म्हणाली तर रात्र-रात्र जागेल, दोन्ही मला बघवलं नसतं. नंतर बोल पोरीला लागला, आणि मी तो लागू दिला. चार महिने ती तिकडून विचारतेय आणि मी सांगतोय, आई कामात आहे. चूक माझी आहे. तिची नाही. एवढंच."

एवढं बोलून घड्याळात पाहिलं तर सूर्याची अजून पाच मिनिटं बाकी होती. मला पुढे काही सुचलं नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही. सूर्य फिरत राहिला, एकेका फेरीला थोडा खाली, लाल, मग अर्धा, मग नुसती कड. मग अंधार पडला आणि तारे आले. डोक्यावर बरोबर मध्ये काहीच नव्हतं, तिथे एक रिकामी जागा असते, आणि तिच्याभोवती सगळे हळूहळू फिरत होते. एकही मावळत नव्हता. मी नेहमीचं वाक्य म्हणालो नाही.

प्रश्नोत्तरांना नानांनी मंद दिवे लावले. एका मुलाने पेंग्विनबद्दल विचारलं. मग तिसऱ्या रांगेतली बाई उभी राहिली. मी माइक घट्ट धरला.

"या अंधारात ती एकटी झोपते का?" तिने विचारलं.

चोवीस वर्षांत मला उत्तर येत नाही असा प्रश्न आला नव्हता. "माहीत नाही," मी म्हणालो.

"दर रविवारी बोलता ना तिच्याशी?"

"बोलतो."

"मग काय बोलता?"

"हवामान," मी म्हणालो. लोक हसले, पण दबून.

तिने डोळे पुसले, लपवून नाही, सरळ पदराने. "राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी विचारते."

रविवारी सकाळी फोनची घंटी वाजली तेव्हा मी हात पुढे केला होता. तिने तो बाजूला सारला आणि फोन उचलला. "हां," ती म्हणाली. "मी बोलतेय." मग दोन सेकंद गेले. मग आणखी दोन. पलीकडून शब्द येत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता, तो मलाही कळत होता. बायको खुर्चीत बसली, तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आधी नाक पूस. आणि सांग, झोपतेस कुठे?"